हातातल्या एलसीआर मीटरने कंडेन्सर मोजताना कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती भरवसा ठेवावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणबुडी मोटारींचे पॅनल बॉक्स, कूलर आणि पंखे, इन्व्हर्टर, सोलर पंपाचे कंट्रोलर, वेल्डिंग सेट, मोबाइलचे बोर्ड या सगळ्यांच्या दुरुस्तीत खान्देशातल्या कारागिरांच्या हाती आता मल्टिमीटरच्या जोडीला एलसीआर मीटर (इंडक्टन्स, कपॅसिटन्स आणि रोध मोजणारा मीटर) आला आहे. त्याबरोबर त्याच त्या शंकाही येतात. कपॅसिटर म्हणा की दुकानातल्या भाषेत कंडेन्सर, दोन्ही एकच. इथे दोन्ही शब्द वापरले आहेत.

एकच कंडेन्सर १०० हर्ट्झला ९८० मायक्रोफॅरड दाखवतो, १ किलोहर्ट्झला ९१०, आणि १० किलोहर्ट्झला भलताच आकडा येतो. मीटर बिघडला आहे का?

बहुतेक वेळा मीटर ठीक असतो. फ्रिक्वेन्सी बदलली की तीन गोष्टी एकदम बदलतात, आणि त्या वेगवेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली, कंडेन्सर स्वतःच बदलतो. ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिकच्या पट्टीवर बारीक बारीक खड्डे कोरलेले असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. फ्रिक्वेन्सी वाढली की त्या द्रवाच्या रोधामुळे खोल खड्ड्यांपर्यंत प्रवाह पोचत नाही आणि कपॅसिटन्स खरोखरच कमी भरते. पॉलिएस्टर फिल्मचा थोडा उतरतो. पॉलिप्रॉपिलीन फिल्मचा आणि सी-झीरो-जी (C0G) जातीचा सिरॅमिक जवळपास जागचे हलत नाहीत.

दुसरी, वायरींचे आणि पायांचे इंडक्टन्स आड येते. ते आकडा फुगवते. १००० मायक्रोफॅरड आणि एकूण ५० नॅनोहेन्री धरले तर १० किलोहर्ट्झला आकडा सुमारे २५ टक्के जास्त दिसेल. २२.५ किलोहर्ट्झच्या आसपास दोघांचा रेझोनन्स होतो, आणि त्यापुढे मीटरला कंडेन्सर दिसतच नाही, कॉइल दिसते. म्हणून १०० किलोहर्ट्झला उणे आकडा येतो.

तिसरी गोष्ट मीटरची स्वतःची चूक. तीही फ्रिक्वेन्सीप्रमाणे बदलते, पण आधीच्या दोन गोष्टी बाजूला काढल्याशिवाय तिच्यावर बोट ठेवता येत नाही. मीटर बदलून आणायला निघण्याआधी हे पाहून घ्या.

मग खरा आकडा कोणता धरायचा?

कंडेन्सरवर जो आकडा छापला आहे, तो बनवणाऱ्याने ज्या फ्रिक्वेन्सीला मोजला, तीच आपली फ्रिक्वेन्सी. ॲल्युमिनियम इलेक्ट्रोलिटिक १०० किंवा १२० हर्ट्झला, २० अंश तापमानात मोजतात. त्याची ±२० टक्क्यांची सवलत याच अटींवर दिलेली असते. फिल्मचे कंडेन्सर साधारणपणे १ किलोहर्ट्झला. सिरॅमिकमध्ये सी-झीरो-जी जातीचे १००० पिकोफॅरडपर्यंतचे १ मेगाहर्ट्झला आणि त्यावरचे १ किलोहर्ट्झला. एक्स-सेव्हन-आर (X7R), एक्स-फाइव्ह-आर (X5R) जातीचे १० मायक्रोफॅरडपर्यंत १ किलोहर्ट्झ व १ व्होल्टवर, त्याहून मोठे १२० हर्ट्झ व अर्ध्या व्होल्टवर.

हातातल्या मीटरात १ मेगाहर्ट्झ सहसा नसते. पण सी-झीरो-जी इतका स्थिर असतो की १०० किलोहर्ट्झचा आकडा तिथे खुशाल चालतो.

वहीत आकडा लिहाल तेव्हा शेजारी फ्रिक्वेन्सी लिहाच. ‘९१०’ एवढेच लिहिले तर आठ दिवसांनी तो कंडेन्सर चांगला होता की उतरलेला, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

माहितीपत्रकावर ‘०.३ टक्के अचूकता’ लिहिलेले आहे. ती सगळीकडे मिळते का?

नाही. तो मीटरचा सगळ्यात चांगला आकडा असतो, आणि तो ठरावीक इम्पिडन्सच्या (एसी प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाच्या) पट्ट्यातच मिळतो. हातातले बहुतेक मीटर साधारण १० ओम ते १०० किलोओम या दरम्यान निवांत असतात. त्याखाली वायर, क्लिप आणि संपर्काचा रोध चावतो. त्यावर भोवतालची भटकी कपॅसिटन्स आणि मेन्सचा गुंजारव. कंडेन्सर या पट्ट्यात कुठे बसतो ते फ्रिक्वेन्सीवरच ठरते. हिशेब सोपा: १ भागिले (२ × π × फ्रिक्वेन्सी × कपॅसिटन्स).

| कंडेन्सर | १०० हर्ट्झ | १ किलोहर्ट्झ | १० किलोहर्ट्झ | १०० किलोहर्ट्झ |
|---|---|---|---|---|
| १०० पिकोफॅरड | १५.९ मेगाओम | १.५९ मेगाओम | १५९ किलोओम | १५.९ किलोओम |
| १० नॅनोफॅरड | १५९ किलोओम | १५.९ किलोओम | १.५९ किलोओम | १५९ ओम |
| २.५ मायक्रोफॅरड | ६३७ ओम | ६३.७ ओम | ६.३७ ओम | ०.६४ ओम |
| ३६ मायक्रोफॅरड | ४४.२ ओम | ४.४२ ओम | ०.४४ ओम | ०.०४४ ओम |
| १००० मायक्रोफॅरड | १.५९ ओम | ०.१६ ओम | ०.०१६ ओम | ०.००१६ ओम |

हा तक्ता छापून मीटरच्या पाऊचमध्ये ठेवावा असा आहे. १०० पिकोफॅरड १०० हर्ट्झला मोजू नये आणि १००० मायक्रोफॅरड १० किलोहर्ट्झला मोजू नये, हे त्यात एका नजरेत दिसते.

टक्क्यांच्या पुढे ‘+ ५ अंक’ असेही लिहिलेले असते, आणि त्याकडे कुणी बघत नाही. समजा मीटर ‘०.५ टक्के + ५ अंक’ असा आहे. पंख्याचा कंडेन्सर २.५०० दिसला, तर ०.५ टक्के म्हणजे ०.०१२५ आणि शेवटचे पाच अंक म्हणजे ०.००५, एकूण ०.०१७५, म्हणजे ०.७ टक्के. तोच मीटर वरच्या रेंजमध्ये अडकून २.५० एवढेच दाखवत असेल, तर पाच अंक म्हणजे ०.०५. त्या एकट्याचे २ टक्के झाले, एकूण अडीच. मीटर तोच, कंडेन्सर तोच, चूक साडेतीन पट. म्हणून रेंज हाताने धरून ठेवली असेल तर सोडा, आणि पडद्यावर जास्तीत जास्त अंक येतील असे पाहा.

आणखी एक बारकावा: डी (डिसिपेशन फॅक्टर, कंडेन्सरमधल्या तोट्याचे माप) ०.१ च्या वर गेला की बऱ्याच मीटरांची चूक √(१ + डी²) पटीने वाढते. माहितीपत्रकात ही ओळ तळटीपेत असते.

पाणबुडी मोटारीच्या पॅनलमधला ३६ मायक्रोफॅरडचा रन कंडेन्सर कसा मोजावा?

चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात केळीला पाणी थांबून चालत नाही, त्यामुळे हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. क्रम असा:

१. मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा. स्टार्टर बंद असणे पुरेसे नाही.
२. कंडेन्सरच्या दोन पायांवर २.२ किलोओम, १० वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी लावा. ३६ मायक्रोफॅरड क्षणात रिकामा होतो, तरी पाच सेकंद थांबा. मल्टिमीटरने डीसी व्होल्ट पाहा. १ व्होल्टच्या खाली हवे.
३. दोन्ही वायरी सोडवा. एकच सोडवली तर चालते, पण कोणती सोडवली यावरून पुढे गोंधळ होतो.
४. मीटर १०० किंवा १२० हर्ट्झवर, सिरीज मोडवर ठेवा. हा फिल्मचा असला तरी १ किलोहर्ट्झला त्याचा इम्पिडन्स १० ओमच्या खाली जातो.
५. क्लिपा थेट कंडेन्सरच्या टर्मिनलवर लावा, लोंबणाऱ्या वायरींच्या टोकाला नको.
६. आकडा आणि डी दोन्ही लिहा.

पाचवी पायरी का, ते आकड्यांतून पाहा. ३६ मायक्रोफॅरडला वीस-वीस सेंटिमीटरच्या दोन वायरी असतील तर त्यांचे इंडक्टन्स सुमारे २०० नॅनोहेन्री धरता येते. १ किलोहर्ट्झला त्याने फक्त ०.०३ टक्के फरक पडतो. १० किलोहर्ट्झला आकडा जवळपास ३ टक्के वाढतो, म्हणजे ३६ चा ३७ दिसतो. ५९ किलोहर्ट्झला रेझोनन्स होतो आणि १०० किलोहर्ट्झला उणे आकडा. वायरी एकमेकींपासून लांब पसरल्या की हे वाढते, पिळून जवळ आणल्या की कमी होते. हात लावून वायर हलवली आणि आकडा हलला, तर समजा की कंडेन्सर नाही, वायर मोजली जात आहे.

±५ टक्के छापलेला ३६ चा कंडेन्सर ३४.२ ते ३७.८ च्या आत हवा. मेटलाइज्ड फिल्म आतल्या आत जळून स्वतःला दुरुस्त करते, त्या प्रत्येक वेळी थोडी कपॅसिटन्स जाते. म्हणून रन कंडेन्सर एकदम मरण्यापेक्षा हळूहळू उतरतो: ३३, ३०, २६. मोटार गरम होते, सुरू होताना घुमते, आणि दोष वाइंडिंगवर जातो. रिवायंडिंगचा खर्च करण्याआधी हा एक मिनिटाचा तपास करावाच.

एक मर्यादा मात्र ठाम लक्षात असू द्या. मीटर अर्ध्या व्होल्टच्या आसपास मोजतो. ४४० व्होल्टवर आत ठिणगी पडत असेल तर ती एलसीआर मीटरला दिसणार नाही. आकडा बरोबर, डी बरोबर, आणि तरी लाइनवर लावला की तापतो किंवा फुगतो, असा कंडेन्सर बदलायचाच.

स्टार्ट कंडेन्सरवर ‘१००-१२०’ लिहिलेले असते. तो कसा तपासायचा?

तोही १०० किंवा १२० हर्ट्झला, सिरीजमध्ये. १०० आणि १२० च्या मधला कोणताही आकडा चालतो. ११० म्हणजे उतरलेला नव्हे. तो बिनध्रुवाचा इलेक्ट्रोलिटिक असतो, त्यामुळे नव्यातही डी रन कंडेन्सरच्या कितीतरी पट असतो. रन कंडेन्सरचा निकष लावून नवा स्टार्ट कंडेन्सर फेकू नका. १ किलोहर्ट्झला तो कमी दाखवणार, तेही दोष धरू नये.

सिरीज की पॅरलल? दोन्हींत आकडे वेगळे येतात.

सिरीज मोड तोटा कंडेन्सरच्या ओळीतला रोध धरतो, पॅरलल मोड दोन पायांमधला आडवा रोध. डी लहान असेल तर काही फरक पडत नाही. सूत्र असे: सिरीजचा आकडा = पॅरललचा आकडा × (१ + डी²). डी ०.१ असेल तर १ टक्का, ०.५ असेल तर २५ टक्के, आणि १ झाला की थेट दुप्पट.

१००० मायक्रोफॅरड आणि ०.१ ओम ईएसआरचा (आतल्या सिरीज रोधाचा) कंडेन्सर १ किलोहर्ट्झला घ्या. डी येतो ०.६३. सिरीजमध्ये १०००, पॅरललमध्ये ७१७. दोन मीटरांच्या आकड्यांत तीस टक्के तफावत म्हणून जी भांडणे होतात, त्यांतली बरीच इथे मिटतात: एकाचा ऑटो मोड सिरीज निवडतो, दुसऱ्याचा पॅरलल.

इम्पिडन्स १०० ओमच्या खाली असेल तर सिरीज, १० किलोओमच्या वर असेल तर पॅरलल, मध्ये असेल तर डी पाहून ठरवा. ऑटोवर सोडण्यापेक्षा हाताने ठरवलेले बरे.

ओपन-शॉर्ट कॅलिब्रेशन रोज करायचे का? ते न केल्याने काय बिघडते?

क्लिपा मोकळ्या ठेवून (ओपन) आणि एकमेकींना जोडून (शॉर्ट) त्यांचा स्वतःचा वाटा मीटरला वजा करायला लावायचा, एवढेच हे काम. मीटर चालू केला, क्लिपा बदलल्या किंवा फ्रिक्वेन्सी बदलली की करायचे. काही मीटर सगळ्या फ्रिक्वेन्सींची दुरुस्ती एकदम करतात, काही फक्त निवडलेल्या फ्रिक्वेन्सीची. आपला कोणता आहे ते पुस्तिकेत पाहा.

ओपन करताना क्लिपा कंडेन्सरच्या पायांमध्ये जेवढे अंतर असते तेवढ्याच अंतरावर, टेबलाच्या पत्र्यापासून दूर ठेवा आणि हात काढून घ्या. शॉर्ट करताना क्लिपेला क्लिप चावू देण्याऐवजी जाड तांब्याच्या तारेचा छोटा तुकडा दोघींत धरा. २ ते ३ सेंटिमीटर पुरेसा. शॉर्ट केल्यावर ०.००-०.०१ ओमच्या वर काही उरत असेल तर क्लिपांचे दात घासा. गंजलेल्या दातांचा ०.०५ ओम १००० मायक्रोफॅरडच्या डीमध्ये १०० हर्ट्झलाच ०.०३ ची भर घालतो, आणि चांगला कंडेन्सर वाळलेला ठरतो.

चार वायरींच्या केल्विन क्लिपांनी वायरीचा रोध आपोआप वजा होतो. मोठे इलेक्ट्रोलिटिक रोज मोजत असाल तर मीटरवर खर्च वाढवण्याआधी या क्लिपा घ्या. फरक लगेच कळतो.

१० पिकोफॅरडचा सिरॅमिक कधी १२ दाखवतो, कधी १४. का?

क्लिपांमध्येच दोन-चार पिकोफॅरड असतात, आणि हात जवळ आला की बदलतात. १०० किलोहर्ट्झ निवडा, पॅरलल मोड ठेवा, ओपन कॅलिब्रेशन करा, आणि कंडेन्सर मीटरच्या पुढच्या खाचेतच खोचा. वायरी लावूच नका. गार्डची (भटकी कपॅसिटन्स अडवणारी) वायर असेल तर तिचा उपयोग इथेच आहे. पावसाळ्यात वायरींवरचा मळ ओल धरतो आणि मेगाओमच्या घरात गळती सुरू होते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरड्या करा.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. मग १०० हर्ट्झला मोजायचे की १२० ला?

इलेक्ट्रोलिटिकच्या आकड्यात या दोहोंमुळे नजरेत भरणारा फरक पडत नाही. पण लहान कंडेन्सर कमी फ्रिक्वेन्सीला मोजावाच लागला तर १२० निवडा. कारण ५० हर्ट्झच्या मेन्सची दुप्पट नेमकी १०० आहे. ट्यूबलाइट, इन्व्हर्टर, शेजारचा वेल्डिंग सेट यांचा त्रास तिथेच येऊन बसतो आणि शेवटचे अंक नाचतात. १२० वर ते बरेच शांत होतात. पॉवर सप्लायमधला फिल्टर कंडेन्सर प्रत्यक्षात १०० हर्ट्झच्या रिपलवर काम करतो, म्हणून त्याला १०० हीच फ्रिक्वेन्सी शोभते.

डी म्हणजे नेमके काय सांगतो? दोन फ्रिक्वेन्सींना डी मोजून काही कळते का?

खूप कळते, आणि मीटरची ही सगळ्यात दुर्लक्षित बाजू आहे. कपॅसिटन्सचा आकडा फक्त ‘किती’ ते सांगतो. डी ‘काय झाले आहे’ ते सांगतो.

कंडेन्सरमध्ये तोटा दोन तऱ्हेने होतो. एक, दोन पायांमध्ये आडवी गळती. दोन, पायापासून पट्टीपर्यंतच्या वाटेत रोध. गळतीचा डी कमी फ्रिक्वेन्सीला मोठा होतो, वाटेतल्या रोधाचा डी जास्त फ्रिक्वेन्सीला.

०.१ मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर घ्या. त्यात १०० किलोओमची गळती असेल तर १०० हर्ट्झला डी ०.१६, १ किलोहर्ट्झला ०.०१६, आणि १०० किलोहर्ट्झला ०.०००१६, म्हणजे नाहीच. उलट गळती नाही पण पायाचा जोड सुटत आला असून १ ओम रोध आला असेल, तर १ किलोहर्ट्झला डी ०.०००६ आणि १०० किलोहर्ट्झला ०.०६३. दोन्हींची कपॅसिटन्स १०० नॅनोफॅरडच दिसेल. एकाच फ्रिक्वेन्सीला मोजणाऱ्याच्या हातून यातला एक दोष हमखास सुटतो.

इथेही मीटरची मर्यादा आहे. ०.३ टक्के अचूकतेच्या मीटरात डीची चूक साधारण ०.००३ च्या घरात धरावी. चांगल्या पॉलिप्रॉपिलीनचा डी ०.०००३ च्या आसपास असतो. म्हणजे मीटरने ०.००१ दाखवला काय किंवा ०.००२ दाखवला काय, त्यावरून दोन चांगल्या पॉलिप्रॉपिलीन कंडेन्सरांत सरस-निरस ठरवता येत नाही. डी ०.०१ च्या वर गेला की मगच बोलावे.

मोबाइलच्या बोर्डावरचा नवा १० मायक्रोफॅरडचा सिरॅमिक ७ च दाखवतो. माल खोटा आहे का?

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइल दुरुस्तीच्या टेबलांवर याच कारणाने चांगला माल परत जातो. तो एक्स-फाइव्ह-आर जातीचा असतो आणि त्याची कपॅसिटन्स त्याच्यावरच्या एसी व्होल्टेजवर अवलंबून असते. छापील आकडा १ किलोहर्ट्झ, १ व्होल्टचा. आपला मीटर अर्धा व्होल्ट सोडतो, तोही आतल्या रोधातून. हा रोध १०० ओम धरा. १० मायक्रोफॅरडचा १ किलोहर्ट्झला इम्पिडन्स १५.९ ओम. विभागणी होऊन कंडेन्सरवर ०.०८ व्होल्टच पडतात. एवढ्या कमी व्होल्टला तो कमीच भरतो. फ्रिक्वेन्सी वाढवली तर वाटणी आणखी घटते आणि आकडाही.

१०० किंवा १२० हर्ट्झवर मोजा, तिथे कंडेन्सरच्या वाट्याला बराच मोठा भाग येतो, आणि आकडा वर सरकलेला दिसेल. डाग देऊन लगेच मोजू नका. सिरॅमिक गरम असताना वेगळाच आकडा देतो. दहा-पंधरा मिनिटे थंड होऊ द्या. मीटरला जोडायचा चिमटा वापरताना त्याचेही ओपन-शॉर्ट करून घ्या.

मल्टिमीटरमध्ये कपॅसिटन्सची रेंज आहेच. मग एलसीआर कशाला?

बहुतेक मल्टिमीटर कंडेन्सर डीसीने भरतो आणि भरायला किती वेळ लागला ते मोजतो. गळका कंडेन्सर भरायला जास्त वेळ घेतो, म्हणून तिथे आकडा वाढून येतो. गळका १००० चा ११५० दिसला की ‘छान आहे’ म्हणून परत बसवला जातो. शिवाय फ्रिक्वेन्सी निवडता येत नाही, डी कळत नाही, ईएसआर कळत नाही. पंख्याचा २.५ चा १.८ झाला आहे का, एवढे पाहायला मात्र मल्टिमीटर पुरेसा आहे. त्यासाठी एलसीआर विकत घेऊ नका.

दोन मीटरांची अचूकता घरच्या घरी कशी ताडून पाहायची?

आधी संदर्भाचे कंडेन्सर जमवा: १०० पिकोफॅरड आणि १ नॅनोफॅरड सी-झीरो-जी १ टक्का, १० आणि १०० नॅनोफॅरड पॉलिप्रॉपिलीन १ टक्का, १ आणि १० मायक्रोफॅरड पॉलिप्रॉपिलीन, आणि एक चांगला १००० मायक्रोफॅरड इलेक्ट्रोलिटिक. एक्स-सेव्हन-आर यात घेऊ नका. तो वयाप्रमाणे, तापमानाप्रमाणे आणि व्होल्टेजप्रमाणे सरकतो. इलेक्ट्रोलिटिक फक्त सिरीज-पॅरलल आणि ईएसआर ताडायला, संदर्भ म्हणून नव्हे.

दोन्ही मीटरांना नव्या बॅटऱ्या घाला आणि पंधरा मिनिटे चालू ठेवा. कंडेन्सर तासभर त्याच खोलीत, कूलरच्या थेट झोतापासून बाजूला. मग एका फ्रिक्वेन्सीला ओपन-शॉर्ट करून सगळे कंडेन्सर मोजा, नंतर पुढची फ्रिक्वेन्सी. प्रत्येक कंडेन्सर तीनदा काढून पुन्हा लावा. या तीन आकड्यांतला फरक मीटरच्या छापील चुकीपेक्षा मोठा असेल, तर तुमचा प्रश्न क्लिपांचा आहे. तो सुटेपर्यंत तुलना पुढे नेऊ नका. कंडेन्सरला बोटांनी धरून ठेवू नका, अंगाची उष्णता आणि कपॅसिटन्स दोन्ही त्यात जातात.

वहीत रकाने असे: कंडेन्सर, फ्रिक्वेन्सी, मोड, कपॅसिटन्स, डी, खोलीचे तापमान.

आता निकाल. एका मीटरची चूक ±०.५ टक्के आणि दुसऱ्याची ±१ टक्का असेल, तर दोघांत १.५ टक्क्यांपर्यंत फरक पडला तरी दोघेही आपापल्या शब्दाला जागले आहेत. त्यावर फरक गेला तरच कुणीतरी चुकतो आहे, आणि तो कोण हे दोघांच्या तुलनेतून कळत नाही. त्यासाठी तिसरा, जास्त अचूक आकडा लागतो. संदर्भाचे कंडेन्सर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यतेच्या प्रयोगशाळेत किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बेंच मीटरवर एकदा मोजून घेतले, तर तेच पुढे कित्येक वर्षे कामाला येतात. सी-झीरो-जी आणि पॉलिप्रॉपिलीन निवडायचे ते याचसाठी.

आकड्यांची चाल पाहायलाही शिका. १ नॅनोफॅरड सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखाच दिसायला हवा. तो १०० हर्ट्झलाच बहकत असेल तर इम्पिडन्स मीटरच्या पट्ट्याबाहेर आहे, फार काळजी नको. १०० नॅनोफॅरडचा पॉलिप्रॉपिलीन १ आणि १० किलोहर्ट्झला नीट, पण १०० किलोहर्ट्झला दोन टक्के वेगळा येत असेल, तर मीटरची १०० किलोहर्ट्झची बाजू कच्ची आहे. स्वस्त मीटरांत हीच बाजू आधी ढिली पडते. सगळ्याच फ्रिक्वेन्सींना आणि सगळ्या कंडेन्सरांना सारखाच एक टक्का जास्त येत असेल, तर मीटरच्या आतला संदर्भ रोध सरकला आहे. तेवढी वजाबाकी करून तो मीटर वापरता येतो.

मे महिन्यात आणि जानेवारीत आकडे वेगळे येतात. ते बरोबर आहे का?

बरोबर आहे. जळगाव-भुसावळला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि पत्र्याच्या शेडमधला पॅनल बॉक्स त्याहून तापतो. पॉलिप्रॉपिलीन दर अंशाला साधारण दहा लाखांत २०० भाग उतरतो. २० वरून ४५ अंशांवर गेला की अर्धा टक्का कमी, ३६ चा ३५.८. पॉलिएस्टर उलट वाढतो. इलेक्ट्रोलिटिकची कपॅसिटन्स वाढते आणि ईएसआर उतरतो, म्हणून दुपारी पास झालेला वाळका कंडेन्सर थंडीत पहाटे पॉवर सप्लाय सुरू होऊ देत नाही. संशय असलेला इलेक्ट्रोलिटिक गार खोलीत मोजा.

पॉवर सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरला मीटर लावताना काय जपायचे?

सोलर पंपाच्या कंट्रोलरमध्ये किंवा व्हीएफडीमध्ये (मोटारीचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हमध्ये) ४५० व्होल्ट, १००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर भरलेला असेल तर त्यात सुमारे १०० जूल ऊर्जा असते. ती माणसाला पुरून उरते, आणि मीटरचे इनपुट तर क्षणात जाते. तोच २.२ किलोओम, १० वॅटचा रेझिस्टर लावून १५ सेकंद थांबा, मल्टिमीटरने पाहा, रेझिस्टर काढल्यावर अर्ध्या मिनिटाने पुन्हा पाहा. रिकामा झालेला इलेक्ट्रोलिटिक स्वतःहून थोडे व्होल्ट परत उभे करतो. मोजेपर्यंत पाय तारेने जोडून ठेवलेले उत्तम. स्क्रूड्रायव्हर टाकून ठिणगी पाडू नका: टर्मिनल खड्ड्यांनी भरते आणि मेटलाइज्ड फिल्मचे कडेचे जोड त्या झटक्यात उखडतात.

बोर्डावरून न काढता मोजले तर?

कपॅसिटन्स मोजू नका. शेजारचे सगळे कंडेन्सर त्यात मिसळतात. ईएसआर मात्र १०० किलोहर्ट्झला अंदाजाने पाहता येतो, कारण तिथे चांगल्या कंडेन्सरचा इम्पिडन्स शेजाऱ्यांपेक्षा फारच कमी असतो. पण समांतर दुसरा चांगला कंडेन्सर असेल तर खराब कंडेन्सर त्याच्या आड लपतो. अर्ध्या व्होल्ट आरएमएसचे शिखर ०.७ व्होल्ट असते, त्यामुळे बोर्डावरचे डायोडही अर्धवट जागे होतात. शंका आली की एक पाय उचला.

१०० किलोहर्ट्झचा मीटर घ्यावाच का?

कामावर आहे. मोटार, पंखा, कूलर एवढेच असेल तर १०० हर्ट्झ आणि १ किलोहर्ट्झ पुरतात. एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय), वेल्डिंग इन्व्हर्टर, सोलर कंट्रोलर असेल तर १०० किलोहर्ट्झ लागतेच, कारण लो-ईएसआर कंडेन्सरचा इम्पिडन्स बनवणारे त्याच फ्रिक्वेन्सीला देतात आणि ताडून पाहायला तोच आकडा हाती असतो. डीई-५००० आणि कीसाइटचा यू१७३३सी या हातातल्या दोन्ही मीटरांत १००, १२० हर्ट्झ, १, १० आणि १०० किलोहर्ट्झ अशा पाच फ्रिक्वेन्सी आहेत. त्याच मालिकेतला यू१७३१सी १ किलोहर्ट्झवर थांबतो, यू१७३२सी १० वर. विकत घेताना दुकानातच १०० नॅनोफॅरडचा पॉलिप्रॉपिलीन सोबत नेऊन सगळ्या फ्रिक्वेन्सींना मोजून पाहा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि दुकानदाराने ते करू दिले नाही तर दुसरे दुकान बघा.

बॅटरी उतरल्याचे चिन्ह आले तरी मीटर चालतो. वापरावा का?

नाही. आधी डी सरकतो, मग कपॅसिटन्स, आणि हे पडद्यावर कळत नाही. चिन्ह दिसले की बॅटरी बदला, ओपन-शॉर्ट पुन्हा करा, आणि संदर्भाचा एक कंडेन्सर मोजून वहीतल्या आकड्याशी जुळवा. अडॅप्टरवर मीटर चालवत असाल तर कमी फ्रिक्वेन्सीचे लहान कंडेन्सर मोजताना तो काढून बॅटरीवर या. स्वस्त अडॅप्टरमधून मेन्सचा गुंजारव थेट मीटरमध्ये शिरतो.